तानाबाईच्या दुधाची परीक्षा

नेरजवळच्या त्या खेड्यात तानाबाईच्या हातचं दूध कोण घेणार? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तर लोक तिच्याकडे नीट बघतही नव्हते. गिऱ्हाईक एकच, यवतमाळचं मुलांचं वसतिगृह. त्यावरच तिचं, एका विधवेचं, घर चाललं होतं. दूध काढायची ती, आणि बसने पोचवायचा धाकटा भाऊ उकंडा. उरलेला दिवस तो नेरात सोनाराकडे कोळसा फोडायचा. भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण!

बासष्टच्या उन्हाळ्यात वसतिगृहात मुलांची पोटं बिघडली. अधीक्षक सदाशिवरावांनी बहीणभावाला कॉलेजात बोलावलं. दूध रसायनाचे सर तपासणार होते.

"तपासा की! माह्या दुधात खोट निंगाली तं म्हशी इकून टाकीन," तानाबाई म्हणाली.

सरांनी दुधात आम्ल घातलं, हळदीचा कागद त्यात भिजवला आणि धगीवर वाळवला. पिवळा कागद लाल झाला.

"हात्तिच्या! डब्याले साबन लागला असंन. हयद साबनानं लाल होते, कोनतीबी बाई सांगंन."

"साबणाची लाली आम्लात टिकत नाही, बाई. ही टिकली. यात टाकणखार आहे. दूध नासू नये म्हणून घालतात. सोनार डाग द्यायला, दागिन्याचा सांधा जोडायला वापरतात ना, तोच."

सोनार! तानाबाईनं वळून पाहिलं. उकंडा खाली मान घालून उभा. एवढ्या उन्हात दूध नासू देत नाही म्हणून त्या मेल्याचं तिनं वस्तीभर कौतुक केलं होतं! आता कबूल करेल, तिला वाटलं.

"काहून टाकलं व बाई?" तो म्हणाला. "मले तरी सांगाचं होतं."

तोंडावर! चार लोकांसमोर! सदाशिवरावांनी त्याचंच खरं धरलं आणि तिचं दूध बंद केलं.

दुसऱ्या सकाळी उकंडा दारात हजर.

"डबे दे, बाई. दूध आनाचं काम सायबानं माह्याकडंच ठेवलं. आता पाटलाघरचं नेतो."

"माय मेल्यावर तुले म्या वाढवलं रे, उकंडा!"

"म्हनून तं तुह्याकडंच मांगून राह्यलो. परक्याकडं कायले जाऊ?"

तानाबाईनं धाडकन दार लावलं आणि ती धाय मोकलून रडली. बाहेरून कडी वाजत होती.

"बाई, बस सुटून राह्यली. डबे दे न व!"