सूचना एकदाच वाचायची

सत्तरच्या दशकात, बी.एड. झाल्यावर, मी मुंबईत मार्गदर्शनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होते. शिकून शाळेत समुपदेशक व्हायचं होतं. आमच्या अंजूर गावात हा शब्द कुणाला कळत नसे. "मुलांच्या अडचणी समजून घ्यायला शिकतेय," असं मी सांगायचे.

प्रात्यक्षिकासाठी मला भिवंडीतली एक शाळा मिळाली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते. वर्गात बोलायचं तर आवाज चढवूनच. एका विद्यार्थ्याचा सखोल अभ्यास लिहून द्यायचा होता. मुख्याध्यापकांनी सातवीतली एक मुलगी सुचवली.

"दोन वर्षं त्याच वर्गात आहे," ते म्हणाले. "काही विचारलं की नुसती हसते. बघा, तुम्हाला काही उमगतंय का."

मुलगी तेरा वर्षांची होती. वडील मागावर शिफ्टला जायचे. तिच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. भिवंडीत कापसाचे तंतू सगळ्यांच्याच केसांत, भुवयांत अडकलेले असायचे. मी तो बोळा पाहिला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

बुद्धिमापन चाचणी कशी घ्यायची हे मुंबईच्या आमच्या सरांनी बजावून सांगितलं होतं. सूचना एकदाच वाचायची, शब्द बदलायचा नाही, माया दाखवायची नाही. मी अगदी तसंच केलं. घड्याळ हातात, मान कागदावर. मी वाचायचे, थांबायचे, शून्य लिहायचे. मान वर केली की ती माझ्याकडे टक लावून बघत असायची, आणि मग हसायची. शेवटी ठोकळ्यांची नक्षी जुळवायला दिली, ती तिने वेळेच्या आत जुळवली. शेरा लिहिताना मी तिथे 'अपवाद' असं लिहिलं.

बारा पानांचा अहवाल झाला. बौद्धिक क्षमता मर्यादित, शालेय शिक्षणाचा ताण देऊ नये, असा निष्कर्ष काढला. अहवाल सरांकडे दिला आणि एक प्रत शाळेत. मुख्याध्यापकांनी ती वाचून वडिलांना बोलावलं. वडिलांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मंग घरीच ठेवू का, बाई?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मुलगी दाराशी उभी होती.

गृहभेटीचा कागद जोडायचा राहिला होता म्हणून दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. दुपारची वेळ होती. त्यांच्या खोलीला लागूनच असलेल्या कारखान्याच्या पडवीत मुलगी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती, आई शेजारी धागा सोडवत होती. मी मुलीला हाक मारली. तिने वर पाहिलं नाही. आईने तिच्या खांद्याला हात लावला, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवत म्हणाली, "बाई आल्यात."

मी विचारलं, "असं का करता?"

"तिला ऐकू कमी येतं. कान व्हातो लहानपणापासनं. तोंड दिसलं का समजतं तिला." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हांला म्हाईत न्हवतं? तुम्ही तर तिला तपासलंवतं."

मी पाणीही न पिता उठले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. "परत आणा तिला, मी बसवून घेतो," म्हणाले. मी नवा अहवाल लिहून मुंबईला सरांकडे नेला. त्यांनी दोन्ही चाळले. "हा खरा असेल," ते म्हणाले, "पण पहिला जास्त नेटका आहे. गुण त्यालाच दिलेत, ते राहू देत." मी नवा अहवाल पिशवीत घालून परत आले.

मी मुलीला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एक कान जवळजवळ गेलेला होता, दुसरा औषधाने थोडा सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीत मी तिच्याकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, "सोमवारपासून शाळेत ये. पहिल्या बाकावर बस."

तिने मान हलवली. "माझ्यात अक्कल न्हाय, बाई."

"कोण म्हणतं?"

"तुमीच लिवलंय ना. बापाला वाचून दावलंवतं."

"मी चुकीचं लिहिलं होतं," मी म्हटलं. माझ्या ओठांकडे बघत तिने ते शब्द नीट समजून घेतले. मग माझी समजूत काढावी तशी हसली. "न्हाय बाई. तुमी शिकल्याल्या हाय."

सोमवारी ती आली नाही. मी चार वेळा घरी गेले. आई चहा द्यायची, मुलगी कांड्या भरायची. पाचव्यांदा गेले तेव्हा खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, "त्यांचं काम सुटलं. गणेशपुरीच्या अंगाला गेलेत, तिच्या मामाच्या गावाला."

मला पदविका मिळाली, नोकरीही मिळाली. पुढे कित्येक वर्षं मी मुलांच्या चाचण्या घेतल्या. मूल समोर बसून हसलं की माझा हात थांबायचा. सहकाऱ्यांना वाटे, मी फार सावकाश काम करते. ती मुलगी कधी स्वप्नात आली नाही. ती दिवसा येते, कामाच्या मध्ये, आणि तिची काही तक्रार नसते.

गणेशपुरीला मी एकदा गेले. एसटीतून उतरले, भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या वाटेने थोडी चालले. एक-दोघांना विचारलं असतं तर तिच्या मामाचं घर सापडलं असतं. मी कुणाला विचारलं नाही. परतीच्या गाडीला वेळ होता तरी थांब्यावर येऊन बसले.