नवसाचा दगड

घर घेतोय हे आईला सांगायचं होतं, म्हणून मी तिला रोमन म्युझियममध्ये नेलं. यात काही तर्क नाही, कबूल. पण घरी तोंड उघडत नव्हतं, आणि २००६च्या त्या रविवारी हॉलंडमधल्या आमच्या डेल्फ्टचा पाऊस काही थांबत नव्हता. बायकोने दारातच बजावलं, "आज सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस." सोमवारी नोटरीकडे सह्या होत्या. तीन महिन्यांसाठी आलेली आई मात्र आम्ही लवकरच पुण्याला परतणार असं धरून चालली होती.

म्युझियम शेजारच्या गावातलं, छोटंसं. मातीचे दिवे, गंजलेले खिळे, सैनिकांच्या चपलांचे तळवे. आई प्रत्येक काचेपाशी रेंगाळायची आणि मी खिशातला फोन चाचपायचो. बायकोचा एसएमएस आला : सांगितलंस का? मला दोघींचाही राग आला. त्या दिव्यांत एवढं काय बघायचं होतं!

शेवटच्या खोलीत कमरेएवढा दगड होता. त्यावर कोरलेली देवी, मांडीवर फळांची टोपली, पायाशी कुत्रा. आईने साडीखालचे स्पोर्ट्स शूज सरळ काढले. खोलीवर लक्ष ठेवणारी म्युझियमची बाई टक लावून बघायला लागली.

"आई, घाल ते. देऊळ नाहीये हे."

"देवी आहे ना? मग झालं. काय लिहिलंय?"

मी पाटी वाचून सांगितली. समुद्रावर निघताना एक व्यापारी देवीला म्हणाला होता, माल सुखरूप पोचला तर तुझा दगड उभा करीन. माल पोचला, त्याने दगड उभा केला.

"म्हणजे नवस फेडला," आई खूश होऊन म्हणाली. "माझाही आहे एक. तू निघालास त्याच दिवशी बोलले होते. तू कायमचा परत आलास की देवीला साडी नेसवीन. घेऊनसुद्धा ठेवलीय."

खिशात फोन पुन्हा थरथरला. आणखी थांबलो तर कधीच जमणार नाही, म्हणून सगळं भडाभडा बोलून टाकलं. घर, नोटरी, सोमवार.

आई वाकून बूट घालायला लागली. नाड्या तिला जमेनात, म्हणून मी खाली बसून बांधल्या.

"साडी हिरवी आहे," वरून तिचा आवाज आला. "गेल्यावर पाठवते. वास्तुशांतीला सूनबाईला नेसू दे."

मला वर बघवेना. बांधलेली गाठ सोडून मी पुन्हा बांधत बसलो.