लेझरला नाही म्हणणारे डॉक्टर

तालमीच्या कट्ट्यावर चहा पिताना मी एवढंच म्हणालो होतो, की उद्या पोरीचा चष्मा निघणार. आमच्याकडं एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड लागला: ‘चष्मामुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर मुलीचा हसरा फोटो, खाली मित्रांचे बारके बारके चेहरे आणि मधोमध मी, कशासाठी कोण जाणे, मोबाइल कानाला लावून. अजून साधी तपासणीसुद्धा व्हायची होती.

मुलगी कॉलेजच्या फुटबॉल संघात गोलकीपर. चष्मा घालून गोलात उभं राहता येत नाही आणि चष्म्याशिवाय चेंडू तोंडावर आदळल्यावरच कळतो. म्हणून वर्षभर लेझरचा धोशा.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांचा रंगीत नकाशा काढला आणि बराच वेळ त्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची काच, उजवीकडं कमकुवत वाटतेय. नक्की सांगता येत नाही, शंका आहे. लेझरनं ती आणखी पातळ होणार. उद्या ती फुगायला लागली, तर चष्मा लावूनही नीट दिसणार नाही. मी लेझर करणार नाही.”

माझ्यापुढं तो बोर्ड नाचायला लागला. म्हटलं, “साहेब, नुसती शंकाच हाय न्हवं? मग जरा हलक्या हातानं मारा की.”

“काका, हे रंगकाम नाही, एक हात कमी मारायला.”

परतताना मुलगी रिक्षात माझ्या आणि बायकोच्या मधे बसून चष्मा पुसत राहिली. कोपऱ्यावर मित्रांनी आमची रिक्षा अडवली. “वैनी, चष्मा हाय तसाच हाय की.”

“व्हय,” बायको म्हणाली, “बोर्ड तेवढा उतरा.”

सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढला. उजव्या डोळ्याची काच थोडी पुढं आलेली. शंका खरी निघाली होती. डॉक्टरांनी लगेच डोळ्यात औषधाचे थेंब घालून, त्यावर खास उजेड सोडून काच घट्ट करायचे उपचार केले. त्यानंतर डोळा आहे तिथंच थांबलाय. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं असतं, तर आज चष्मा लावूनही तिला नीट दिसणं अवघड होतं. मुलगी आता नंबरचा, पट्ट्याचा जाड गॉगल लावून गोलात उभी राहते. समोरच्या संघातल्या पोरी तिला ‘वेल्डर’ म्हणतात. ती चेंडू अडवते, मग हसते.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “छान आहे. आता पुढच्या वर्षी या.” मला काय झालं कोण जाणे, वयानं एवढा मोठा मी, वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो. ते खुर्चीसकट मागं सरकले.

बाहेर चपला घालताना बायको म्हणाली, “एवढी वर्षं मी तुमचं ऐकलं न्हाय की चार-चार दिवस तोंड फुगवून बसता. त्या डॉक्टरनं ऐकलं न्हाय, तर त्याच्या पाया पडायला निघालासा.”