आठशे बाय सहाशेतली स्थळं

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी तीन चांगल्या मुलांना जाड करून घालवलं. पाप म्हणा हवं तर. पण परीक्षा तोंडावर होती आणि करकंबच्या आत्यानं माझं लग्न उरकायचा विडा उचलला होता. एकदा ठरलं की शिक्षण सुटणार, हे मला दोन चुलत बहिणींवरून पक्कं माहीत होतं.

आत्या मुलाचा फोटो वडिलांच्या मोबाईलवर पाठवायची. एवढ्याशा पडद्यावर आपल्याला काही दिसत नाही, असं वडिलांचं म्हणणं. मग मी तो घरच्या कम्प्युटरवर घ्यायचे आणि सगळे खुर्च्या ओढून स्थळ बघायला बसायचे. एक दिवस सेटिंगमध्ये चाळे करताना मी रिझोल्यूशन आठशे बाय सहाशे केलं. अक्षरं मोठी झाली आणि स्क्रीन रुंद असल्यामुळे फोटोतली माणसं दोन्ही बाजूंनी ताणली गेली. माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला.

पहिला बळी श्रीपूरकडचा इंजिनिअर. बिचारा चांगला उंच, शेलाटा होता. आमच्याकडे तो पोत्यासारखा पसरला. मागच्या मोटारसायकलची चाकंसुद्धा आडवी झाली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. वडिलांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि आत्याला फोनवर सांगितलं, की पोरगा अंगानं जरा जास्तच भरलेला आहे. दुसरा सात रस्ता चौकाजवळच्या बँकेत होता, तिसरा प्राध्यापक. त्यांचीही तीच गत झाली. जिल्ह्यात बारीक पोरं उरलीच नाहीत काय, असं आत्या वैतागून विचारायला लागली. मी मान खाली घालून नोट्स काढत बसायचे.

अक्षरं एवढी मोठी कशी, असं आईनं विचारलं तेव्हा वडिलांच्या डोळ्यांना बरं म्हणून, असं मी ठोकून दिलं. वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. घोळ वेगळाच झाला. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो आले आणि त्यात आईनं कम्प्युटरवर स्वतःला पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं शेंगांच्या चटणीवर तेल घेणं बंद केलं, भाकरी अर्ध्यावर आणली आणि सकाळी चालायला जायला लागली. मला फार वाईट वाटायचं. पण खरं सांगितलं असतं तर चौथं स्थळ थेट दारात आलं असतं. म्हणून मी गप्प राहिले, वर तिला बारीक झालीस असंही सांगत राहिले.

शेवटचा पेपर देऊन घरी आले तर वडील कम्प्युटरसमोर एकटेच बसलेले. आत्यानं पाठवलेला नवा फोटो त्यांनी स्वतःच उघडला होता. स्क्रीनवर मुलगा नेहमीसारखा ऐसपैस, आणि शेजारी धरलेल्या मोबाईलवर तोच मुलगा, नीट अंगाचा.

"समदे पेपर झाले न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

वडील उठले आणि रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मग आता पोरं हायती तशी दाव. तूबी बघ. आन् नको वाटला तर तोंडानं सांग की."