दाखवाबाई

आमच्या आरोग्य केंद्रात कुणी "समजलं" म्हटलं की बाई लगेच म्हणायच्या, "मग दाखवा." त्या नर्सेसच्या सुपरवायझर होत्या. शिपायापासून माझ्यापर्यंत सगळे त्यांना पाठीमागं दाखवाबाईच म्हणत. मी तेव्हा शिरूर तालुक्यात नुकताच लागलेला डॉक्टर. समोरच्याच्या तोंडून "समजलं" ऐकायला मला फार आवडे.

महिन्याच्या मीटिंगला नर्सेसना शिकवणं माझ्याकडं होतं. एकदा मी जुलाबावर दीड तास बोललो. फळ्यावर क्षारांची सूत्रंसुद्धा लिहिली. कुणालाच शंका नव्हती, म्हणून मी खूश. बाई म्हणाल्या, "साहेब, छान बोलता तुम्ही. दोघी तर डोळे मिटून ऐकत होत्या."

त्याच आठवड्यात वाडीवरची एक धनगर बाई जुलाबानं मलूल झालेलं वर्षाचं लेकरू घेऊन आली. मी क्षारांची पुडी दिली, एक लिटर पाण्यात विरघळवून थोडं थोडं पाजायला सांगितलं. "समजलं?"

"व्हय साहेब."

दारात बाईंनी तिला थांबवलं. "दाखवा बरं, कसं करणार?" तिनं अख्खी पुडी एका ग्लासात ओतली.

"ताई, लिटर म्हंजी किती?" बाईंनी तिला विचारलं.

"ह्योच की गिलास. दुसरं काय असतंय?"

इतक्या खारट पाण्यानं लेकराचं आणखी बिघडलं असतं. हा मुद्दा मी फळ्यावर लिहिला होता, खाली दोन रेघा मारून.

बाईंनी तिच्याकडून तांब्यानं मापून पाणी करून घेतलं आणि तिला बाकावर बसवून चमच्याचमच्यानं पाजायला लावलं. दुपारी आतून बाईंची आनंदानं हाक आली, "साहेब, लेकरानं माझं लुगडं भिजवलं!" मी धावत गेलो. इतकी मोलाची लघवी मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या मीटिंगला बाईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. मला लेकराची आई केलं: डोक्यावर पदर म्हणून टॉवेल, मांडीवर बाळ म्हणून उशी. कारेगावकडची एक तरुण नर्स डॉक्टर झाली. तिनं हुबेहूब माझ्या वेगानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "समजलं?"

"व्हय," मी म्हणालो.

"साहेब, का म्हणालात व्हय?"

"बाई, तिनं तोवर पुढच्या पेशंटला हाक मारली होती."

खोली हसली. मग पहिल्यांदाच एकेक नर्स बोलू लागली. कुणी म्हणाली वाडीवर माप नसतं, कुणी म्हणाली मी तांब्यावर खूण करून देते. त्या दिवशी मी फक्त लिहून घेत होतो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांना जीपनं दौंडला, रेल्वेतल्या मुलाच्या क्वार्टरवर सोडायला गेलो. उतरताना म्हणाल्या, "पुण्याला बदली मागताय म्हणे. मागा की. पण पोरींना बोलायची सवय लागलीय. नव्या साहेबाला आधीच सांगून ठेवा, बिचारा घाबरेल."

मी बदली मागितली नाही. पुढं नऊ वर्षं तिथंच राहिलो. नातेवाईक त्याला सेवाभाव म्हणतात, मीही ते खोडून काढत नाही. खरं कारण एवढंच, की महिन्यातून एकदा त्या सगळ्याजणी मिळून माझ्या चुका काढायच्या आणि मी त्या दिवसाची वाट बघायला लागलो होतो.