चिठ्ठी वेगळी, पुडी वेगळी

मी डॉक्टर झालो तो घोटीच्या बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांमुळे. माझे वडील भाताच्या गिरणीत हमाल होते आणि बारावीनंतर मलाही तिथेच लावायचं त्यांनी ठरवलं होतं. सरांनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं, "पोराच्या पाठीवर पोतं ठेवलंत तर माझ्याकडे औषधाला येऊ नका," असं सुनावलं, आणि प्रवेशाच्या वेळी स्वतः माझ्याबरोबर नाशिकला आले. रांगेत ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले दिसत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

आता मी नाशिकच्या एका रुग्णालयात फिजिशियन आहे. गेल्या वर्षी सरांना वैद्यकीय परिषदेकडून लेखी ताकीद मिळाली. कागदाच्या पुडीत सुट्या, नाव नसलेल्या गोळ्या देणं थांबवा, प्रत्येक रुग्णाला औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी द्या, पुन्हा तक्रार आली तर नोंदणी रद्द होऊ शकते, असा तिचा आशय. पुडी ही आमच्याकडची जुनीच पद्धत. कुणीतरी जळून तक्रार केली असणार, असं मी धरून चाललो. सरही फोनवर हसले. "चिठ्ठ्या लिहितोय बाबा आता. अक्षर सुधारायला लागलंय."

यंदा भाताची लावणी उरकल्यावर घोटीजवळच्या एका म्हातारीला तिची सून माझ्याकडे घेऊन आली. उलट्या होत होत्या, रक्तदाब खाली गेला होता, उभं राहवत नव्हतं. हातपाय काटक्यांसारखे, चेहरा मात्र गोल गरगरीत, आणि दंडावर जरा दाबलं तरी निळे डाग. सुनेने सरांची चिठ्ठी पुढे केली. स्वच्छ अक्षरात कॅल्शियम आणि पॅरासिटामॉल. एवढ्या औषधाने असा चेहरा होत नाही.

"आणखी काय घेतात या?"

"काय नाय. येवढंच."

"झाडपाला, इंजेक्शन, पुडी?"

पुडी म्हणताच दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आत्याबाई, सांगून टाका ना," सून म्हणाली.

"गप ए! डाक्तरनी सांगितलंय, नाशकात पुडीचं नाव काढायचं नाय. त्यांच्यावर बालंट येतं." मग माझ्याकडे वळून म्हातारी म्हणाली, "लय देवमाणूस हाय. गुडघे पार धरले व्हते माझे. त्या पुडीवर औंदा सगळी लावणी वाकून केली."

बाकीचं सुनेने सांगितलं. म्हातारी लेकीकडे मालेगावला गेली, पुडी घरी राहिली आणि लेकीकडेच उलट्या सुरू झाल्या.

पुडीत स्टेरॉइड असणार, हा माझा संशय रक्ताच्या तपासणीने पक्का केला. ते औषध फार काळ घेतलं की चेहरा गोल होतो, शरीर स्वतःचं तयार करणं सोडून देतं, आणि एकदम थांबवलं की माणूस असा कोसळतो. तेच औषध शिरेतून दिल्यावर दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली आणि चहा फुळकवणी केला म्हणून सुनेला बोलली.

रविवारी मी घोटीला गेलो. दवाखान्यात गर्दी होती. तिथल्या लोकांच्या तोंडांकडे मी आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोल चेहरा मला पुडीचा वाटू लागला. एखादा नुसताच अंगाने भरलेला असेल, पण माझी नजर हटेना. मला बघून कंपाउंडर आत गेला आणि कपाटाला कुलूप लावून आला.

"या डॉक्टरसाहेब," सर म्हणाले. "मला भेटायला आलास की माझी झडती घ्यायला?"

मी म्हातारीचं सांगितलं.

"गोळ्या तिने बंद केल्या. मी केल्या का?"

"सर, त्या कसल्या आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं."

"नाव सांगून काय कळणार होतं तिला? दिवसभर चिखलात वाकायचं असतं रे त्यांना. ती तुझे गुडघ्याचे व्यायाम करत बसली तर लावणी तू करशील?" मग आवाज उतरवून म्हणाले, "परिषदेला तू कळवणार नाहीस. तू माझा मुलगा आहेस."

परतताना माझा माझ्यावरही विश्वास राहिला नाही. कळवायचं म्हणतोय ते म्हातारीसाठी, की कुणाचे एवढे उपकार डोक्यावर नकोत म्हणून? अजूनही मला नीट सांगता येत नाही. पण दवाखान्यात बसलेल्यांपैकी कुणाचीही पुडी कधीही घरी राहू शकत होती. सकाळी मी हे पत्र घोटीला पाठवलं:

"आदरणीय सर,

म्हातारी बरी आहे. तिचं औषध मी हळूहळू कमी करतो आहे.

परिषदेला मी कळवतो आहे. अर्जाखाली माझं नाव आहे. तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी हे पत्र. या वेळी ताकिदीवर भागणार नाही, हे मला माहीत आहे.

एक विनंती. रागाने किंवा भीतीने पुड्या एकदम बंद करू नका. कपाट रिकामं केलंत तर माणसं कोसळतील. पुडी कुणाकुणाला चालू आहे ते फक्त तुम्हालाच तोंडपाठ आहे. त्यांना बोलावून घ्या, पुडीत काय आहे ते सांगा. मी दर रविवारी येईन. एकेकाचं औषध आपण दोघं मिळून उतरवू. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. आत घेतलं नाहीत, तर समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसून तपासेन. फक्त माणसं माझ्याकडे पाठवा.

तुमचा विद्यार्थी"