तोलकाका आणि खरं वजन

तोलकाका हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हतं. पण त्या सहा मजली इमारतीत सव्वीस वर्षं लिफ्टचं काम केल्यावर खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. समोर माणूस आला की लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. तोलकाका पोटाकडे बघत, मग बुटांकडे, आणि मनात म्हणत, "एकाहत्तर. बुटांसकट बाहत्तर." हा अंदाज एक किलोनंसुद्धा चुकत नसे. गच्चीवरच्या मशीनरूमच्या भिंतीवर त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांची वजनं खडूनं लिहून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी त्या भिंतीवर हरकत घेतली होती. त्यांची समजूत काढताना काका म्हणाले, "आकडे तुमच्या बदनामीसाठी नाहीत हो, तुमच्या सुटकेसाठी आहेत." त्यावर त्या बायका महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण काकांचं म्हणणं खरं होतं. लोकांना वाटतं, मोटर लिफ्टला विहिरीतल्या बादलीसारखी वर ओढते. तसं नसतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचं एक दांडगं वजन टांगलेलं असतं. लिफ्ट वर गेली की ते खाली येतं, लिफ्ट खाली आली की ते वर जातं. काकांच्या लिफ्टला जोडलेलं वजन म्हणजे रिकामी लिफ्ट अधिक दोनशे चार किलो. त्यामुळे आत दोनशे चारपेक्षा जास्त भार असताना ब्रेक सोडला तर लिफ्ट खाली जाणार. आणि कमी असला तर, काका इथे बोट वर करून थांबत, लिफ्ट वर जाणार. हे ऐकून लोक हसत. ब्रेक सुटलेली लिफ्ट वर जाते असं सांगणारा मिस्त्री त्यांनी पाहिला नव्हता.

सगळ्या जगाकडेच काका असं बघत. "वर ठेवलेल्या वस्तूत ताकद बसलेली असते. सोडली की ती उठून धावायला लागते," हे त्यांचं लाडकं वाक्य. घरी मांडणीच्या वरच्या फळीवर पितळी डबा दिसला की ते तो उचलून खाली ठेवत, का तर त्यात ताकद बसली आहे. काकू तो परत वर ठेवत, का तर खाली मुंग्या आहेत. लेकीला बघायला आलेला मुलगा शाळेत विज्ञान शिकवणारा निघाला. चहा पिता पिता तो म्हणाला, "तुमची बसलेली ताकद म्हणजे स्थितिज ऊर्जा, आणि धावती ती गतिज ऊर्जा." काकांनी त्याच क्षणी लग्न ठरवून टाकलं. लेकीला विचारायचं त्यांना नंतर आठवलं.

अशा माणसाची बायको मात्र सव्वीस वर्षांत एकदाही त्यांच्या लिफ्टमध्ये बसली नव्हती. याला जबाबदार काकाच होते. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी सहज विचारलं होतं, "दोर तुटला तर काय होतं हो?" काकांनी प्रामाणिकपणे लिफ्ट बिघडायच्या वीस तऱ्हा एकामागून एक समजावून सांगितल्या. त्यातल्या प्रत्येकीवर काय उपाय केलेला असतो, हे ते दुसऱ्या भागात सांगणार होते. काकू पहिल्या भागानंतरच उठून गेल्या.

इतकी वर्षं यानं काही अडलं नव्हतं. पण गेल्या वर्षी लेक-जावई त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला आले, आणि तीन महिन्यांपूर्वी नात झाली. काकू रोज एकशे बारा पायऱ्या चढू लागल्या. मग गुडघ्यांनी बंड केलं. डॉक्टर म्हणाले, "जिना तरी सोडा, नाहीतर गुडघ्यांची आशा तरी सोडा." पुढच्या महिन्यात लेक कामावर परत जाणार होती. आजी वर येऊ शकली नाही, तर तीन महिन्यांचं ते लेकरू दिवसभर परक्या माणसांकडे ठेवावं लागणार होतं. काकू दोन दिवस गुडघ्यांना तेल चोळत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एकदाच बसेन. काही झालं, तर जन्मात परत लिफ्टचं नाव काढायचं नाही."

काका असे तयारीला लागले, जणू काही मोठा साहेबच तपासणीला येणार होता. दोराला वंगण झालं, दरवाजाच्या जाळीला पॉलिश झालं. मशीनरूममध्ये खुंटीवर एक लोखंडी चाक असतं. वीज गेली की ते मोटरच्या दांड्यावर बसवून हातानं फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याला लावायची. ते चाक गंजलेलं दिसलं, म्हणून काकांनी ते रंग द्यायला घरी नेलं. काकू मशीनरूममध्ये पाऊलही टाकणार नव्हत्या, तरी चाक लाल असावं असं त्यांना वाटलं. प्रेमात माणसाला काय काय वाटतं.

ठरल्या दिवशी सकाळी साडेदहाला काका मशीनरूममध्ये उभे होते. खाली काकू पिशवी घेऊन आत शिरल्या. त्यांच्याबरोबर बाजारातलं दुकान नुकतंच चौथ्या मजल्यावर हलवलेल्या टेलरबाई होत्या, हातात दुरुस्त करून आणलेलं शिलाई मशीन. तिसरे एक वकील, पाचव्यावरच्या कुणा आजोबांना भेटायला आलेले. लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि वीज गेली.

वीज गेली की स्प्रिंग ब्रेकला घट्ट मिटवते, त्यामुळे लिफ्ट जागच्या जागी थांबते. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. काकांनी आधी मुख्य स्विच बंद केला आणि खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी होती. चाक घरी होतं. रंग वाळल्यावर काकूंनी त्यावर लिंबाची कुंडी ठेवली होती, आणि "किती छान बसली बघा," असं म्हटलं होतं. घर जाऊन-येऊन दीड तासावर, आणि त्याला कुलूप होतं. किल्ली काकूंच्या पिशवीत होती. आणि पिशवी लिफ्टमध्ये होती.

काकांनी तरी पुन्हा एकदा खुंटी चाचपून पाहिली.

पण अजून ब्रेक होता. दांडी दाबून तो हातानं जरासा उघडता येतो. लिफ्ट हलकी असेल तर सरकत वर येईल, जड असेल तर खाली जाईल, काका मजल्याला बरोबर थांबवतील. फक्त आत किती भार आहे ते कळायला हवं होतं. या तिघांपैकी कुणाचंच वजन भिंतीवर नव्हतं. जावई नातीला लेकीकडे देऊन चौथ्या मजल्यावर पळाले. लिफ्टचं छत तिथल्या जमिनीच्या वर दीड वीत आलं होतं, आणि तेवढ्या फटीतून आतले तिघं वर बघत होते.

"बाबा विचारताहेत, प्रत्येकाचं वजन किती?" जावयांनी फटीतून विचारलं.

वरच्या जिन्यावर तोवर सगळे मजले जमले होते.

"सत्तर," वकील म्हणाले.

"पंचेचाळीस. मशीन बारा," टेलरबाई म्हणाल्या.

"त्यांना माहीत आहे," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "अठ्ठेचाळीस. आणि पिशवी चार."

आकडे जिन्यानं वर गेले. चौथ्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून लेकीकडे, लेकीकडून गच्चीवर. काकांनी भिंतीवर बेरीज मांडली. एकशे एकोणऐंशी. दोनशे चारला पंचवीस कमी. पंचवीस किलोंचा फरक असला की ती लिफ्ट हमखास हलते, हा सव्वीस वर्षांचा अनुभव. "वर येणार!" काका ओरडले. "सांगा तिला, लिफ्ट पडणार नाही, वर येणार!"

त्यांनी दांडी दाबली. ब्रेक उघडला. लिफ्ट ढिम्म.

त्यांनी पुन्हा दाबली. लिफ्ट जागची हलली नाही. इतका पक्का तोल लिफ्ट बसवणाऱ्यांनासुद्धा कधी साधला नसेल. इकडे जेवढी ताकद, तिकडे तेवढीच, आणि दोघी एकमेकींकडे बघत स्वस्थ.

काका ओणवे होऊन दोराच्या भोकाशी तोंड नेऊन ओरडले, "कुणीतरी खोटं बोलतंय!"

ते वाक्य पोहोचवायला कुणाची गरज पडली नाही. सगळ्या इमारतीनं ऐकलं.

"मी खोटं बोललेलो नाही," वकील लगेच म्हणाले. "मला माझं वजन विचारलं होतं. या बॅगेतल्या कागदांचं नाही. ते नऊ किलो आहेत."

"मग सांगायचं नाही का!" टेलरबाई कडाडल्या.

"तुमचं पंचेचाळीस आहे का?" वकील शांतपणे म्हणाले.

"माझं राहू द्या. यांचं बघा!" टेलरबाईंनी काकूंकडे बोट केलं. "दहा वर्षं यांच्या अंगाचं माप मी घेतेय. या अठ्ठेचाळीस असतील तर मी चिमणी आहे."

जिन्यात कुणीतरी हसलं. काकू लाल झाल्या. जावयांनी सासूबाईंचा मान राखून मान दुसरीकडे फिरवली. वर काका दोराच्या भोकाला कान लावून सगळं ऐकत होते. सगळ्या जगाला डोळ्यांनी तोलणाऱ्या या माणसानं बायकोला कधीच तोललं नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी अठ्ठेचाळीस सांगितलं होतं, आणि त्यांना ती अजून तेवढीच दिसत होती.

आणि आता ती चिडणार, हे त्यांना ठाऊक होतं. बायको, अंधारी लिफ्ट, चारचौघांत वजनाची चर्चा. संपलं. काकूंचं आजीपण संपलं.

काकूंनी वर फटीकडे पाहिलं. मग एवढ्या मोठ्यानं बोलल्या, की निरोप्याची गरज उरली नाही.

"अहो! छप्पन्न!"

मग टेलरबाई हळूच म्हणाल्या, "त्रेपन्न."

काकांनी भिंतीवर खडू चालवला. सत्तर, छप्पन्न, त्रेपन्न, मशीन बारा, पिशवी चार, कागद नऊ. बरोब्बर दोनशे चार. काकांना हसू फुटलं. एवढ्या काळजीतसुद्धा फुटलं.

"सामान बाहेर द्या!" ते ओरडले. "बारा, चार आणि नऊ, पंचवीस झाले!"

मशीन फटीतून बाहेर आलं. पिशवी आली. वकिलांनी बॅग छातीशी धरली. "यात अशिलाचे कागद आहेत. कायद्यानं ते माझ्याच ताब्यात..."

"द्या हो!" काकू म्हणाल्या. "मी माझं वजन सांगितलं, तुम्हाला कागद देववत नाहीत?"

बॅग बाहेर आली.

काकांनी दांडी दाबली. आणि लिफ्ट, न मोटर, न वीज, झोपेतून उठल्यासारखी कुशीवर वळली आणि वर सरकली. काकांनी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. चौथ्या मजल्याला जमिनीशी जमीन लागली. जिन्यात टाळ्या पडल्या. वकील बॅग घेऊन पायऱ्यांकडे पळाले. टेलरबाई मशीनला मिठी मारून दुकानात शिरल्या.

काकू मात्र आतच.

"आई, या ना बाहेर," जावई म्हणाले. "दोनच मजले उरलेत. मी हात धरतो."

"मला सहाव्यावर जायचंय," काकू म्हणाल्या. "आता मी एकटी. मग मी केवढी हलकी?"

जावयांनी हिशेब केला आणि कचरले. "एकशे अठ्ठेचाळीस किलोंचा फरक आहे, आई. पलीकडचं वजन फार जोरात खाली यायला बघेल. वीज येईपर्यंत थांबू या."

"म्हणजे मी वरच जाणार ना?"

"हो, पण..."

"मग सांगा त्यांना. म्हणावं, मी बसलेय. हळू सोडा."

निरोप वर काकांकडे पोहोचला. त्यांनी हात पँटला पुसला, दोन्ही मुठींनी दांडी धरली. पलीकडे एवढी ताकद सुटायला टपून बसलेली, आणि अलीकडे छप्पन्न किलो. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं होतं, ताकदीला धावू न देता चालायला लावायचं. आज ते तिला मुंगीच्या पावलानं चालवत होते. बोटभर, थांब. बोटभर, थांब. दोन मजल्यांना वीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात काकूंनी आतून एकदाच आवाज दिला, "दमलात का?"

सहाव्यावर लेक नातीला घेऊन उभी होती. काकू बाहेर आल्या, नातीला घेतलं, आणि मागं वळून लिफ्टकडे बघत म्हणाल्या, "हं. बरी आहे." काका गच्चीवरून धावत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेल लागलेल्या हातांनी ते पुसताही येत नव्हतं.

संध्याकाळी वीज आल्यावर काकू लिफ्टनंच खाली उतरल्या. रस्त्यात म्हणाल्या, "उद्या दहाला येते. कुंडी मात्र हलवायची नाही. झाड रुजलंय तिथं. तुम्ही चाक दुसरं करून घ्या." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "आणि त्या भिंतीवर माझं किती लिहिलंत?"

भिंतीवर सगळ्या नावांच्या वर, खडू जोरात दाबून लिहिलं होतं, घरची, छप्पन्न.

"अठ्ठेचाळीस," काका म्हणाले. वजनाच्या बाबतीत आयुष्यात ते पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि एक किलोचाही संकोच त्यांना वाटला नाही.